श्रीलंकेत १९८७ साली गेलेल्या काकांचं नाव कुठे कोरलंय? आणि तिथली माती आणता येते का?

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोनच आहेत, पण आधी जरा सांगावं लागेल.

आम्ही चोपडा तालुक्यातले. घरची केळी आणि कपाशी. माझे धाकटे काका, भाऊकाका, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. पलटणीचा नंबर इथे लिहीत नाही. १९८७ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले आणि त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर जाफन्याकडे लढाईत गेले. वय तेवीस, लग्न झालेलं नव्हतं. मी तेव्हा दुसरीत होतो.

तार भाऊबीजेच्या दिवशी आली. आत्या ओवाळायला आलेली, ताट तयार. तार इंग्रजीत, म्हणून शाळेच्या हेडमास्तरांकडे नेली. सर आमच्या ओट्यावर आले, चप्पल न काढता उभेच राहिले, आणि वाचायच्या आधी चष्मा तीनदा पुसला. मला तो चष्मा आठवतो, तारेतलं काही आठवत नाही.

पार्थिव आलं नाही. महिन्याभराने पलटणीचा एक जवान काळी ट्रंक आणि लाल फडक्यातल्या अस्थी घेऊन आला. आजोबांनी त्या प्रकाशा गावच्या संगमावर सोडल्या. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि खाली ‘अमळनेर’, रेल्वे स्टेशन म्हणून. आत मच्छरदाणी, दोन बनियन, बुटांचे दोन जोड, पॉलिशची अर्धी डबी, श्रीलंकेचं एक नाणं आणि एनामलचा मग. त्या मगाने आजी आजही कळण्याचं पीठ मोजते.

आता खरा मुद्दा. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या घागरी भरतात. बाहेरच्या वाचकांसाठी: अक्षय तृतीयेला नवी घागर पाण्याने भरायची, वर लहान लोटी, त्यावर डांगर (खरबूज) किंवा आंबा, पुरणपोळी-रसाचा नैवेद्य, चुलीत आगारी (नैवेद्याचा घास) टाकायची आणि एकेकाचं नाव घ्यायचं. आमच्या घरात चार घागरी असतात. भाऊकाकांची नसते. अडतीस वर्षांत आजीने ती एकदाही भरली नाही. आजोबा होते तोवर दरवर्षी यावरून वाद व्हायचा. तिचं म्हणणं, मूठभर राख कोणाचीही असू शकते. यंदा माझ्या मुलाने सहज विचारलं, तर म्हणाली, “मना पोऱ्या जठे पडना तठली माटी लई ये. मंग भरसू घागर.”

नव्वदीला टेकली आहे. आता हे हसण्यावारी नेता येत नाही.

जागा कुठली, हे आम्हाला माहीत नाही. पत्रावर पत्ता फक्त नंबर, पलटण आणि ५६ एपीओ, म्हणजे सैन्याचं टपाल कार्यालय. शेवटच्या पत्रात एवढंच आहे: “इथे पण केळी आहे. विहिरीच्या पाण्यावर करतात. घड लहान पण गोड. घराघराला ताडाच्या झावळ्यांचं कुंपण आहे, पलीकडचं काही दिसत नाही. भात खाऊन कंटाळलो, आईला सांगा सुटीत आल्यावर वरण-बट्टी कर.” आम्ही केळीवाले म्हणून त्यांनी केळीचं लिहिलं असणार. तुम्हाला त्यावरून काही कळतं का?

गेल्या महिन्यात एका कार्यालयात चौकशी केली. तिथल्या साहेबांनी आदराने बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, “कारगिल का?” मी म्हटलं, श्रीलंका. ते म्हणाले, “तिथे कधी होतं युद्ध?” राग नाही आला. त्यांचं वय पस्तीसच्या आत असेल.

तर, नाव कुठे कोरलेलं असेल, आणि माती आणता येईल का?

साक्रीचा_सिग्नलवाला

राम राम. मी सैन्याच्या सिग्नलमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. जाफन्याजवळ पलालीला होतो, ऑगस्ट ८७ ते ८९.

२९ जुलैला भारत-श्रीलंका करार झाला आणि लगेच पलालीच्या धावपट्टीवर विमानं उतरायला लागली. पहिले दोन महिने हार घालून घेतले आम्ही. लोक शहाळी द्यायचे. १० ऑक्टोबरच्या सुमारास तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढाईला तोंड फुटलं आणि हार घालणारे हातच समोर आले. आमच्याकडे धड नकाशे नव्हते. हातात एसएलआर रायफल, समोरच्याकडे एके-४७. गल्ल्या अरुंद, आणि ते झावळ्यांचं कुंपण, तुमच्या काकांनी बरोबर लिहिलंय, माणसाच्या डोक्यावर जातं. पलीकडे बाई धुणं धुतेय की बंदूक रोखलीय, काही कळायचं नाही. रस्त्यात सुरुंग पुरलेले. महिनाअखेरीला शहर हातात आलं, पण फार माणसं गेली.

पार्थिव का आलं नाही हे आजीला नीट समजावून सांगा. तेव्हा प्रत्येकाचं पार्थिव घरी पाठवायची पद्धत नव्हती. जिथे शक्य होईल तिथे सहकारीच अग्नी द्यायचे, अस्थी आणि सामान घरी जायचं. कारगिलपासून, म्हणजे १९९९ पासून, हे बदललं. अस्थींबद्दल सांगतो. आम्ही चिठ्ठी बांधायचो, नंबर लिहायचो, दोघं-तिघं बघायचे. आईला खात्री वाटत नसेल तर तिचं चूक नाही. पण आम्ही ते काम निष्काळजीपणाने केलं नाही.

आता कामाचं. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आहे. साध्या कागदावर अर्ज करा: आर्मी नंबर, हुद्दा, नाव, गेल्याची तारीख, तुमचं नातं. सोबत आजीच्या पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ची, म्हणजे लढाईत गेल्याची, नोंद असलेल्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा, शीट रोल (नोकरीची नोंद) पण मागा. जागेचा उल्लेख कधी असतो, कधी नुसतं ‘ऑपरेशन पवन’, म्हणजे त्या मोहिमेचं नाव, असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवलात तर लवकर हलतो. आजीचं पेन्शन लिबरलाइज्ड (लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांचं वाढीव) आहे की साधं, तेही एकदा तपासून घ्या. जुन्या प्रकरणांत घोळ असतात.

केळीवरून: पलालीहून शहराकडे खाली येताना उरुंपिराय, कोपाय ही गावं लागतात. त्या पट्ट्यात विहिरीवरची केळी भरपूर. लढाईही तिथे जोराची झाली. यापुढे मी छातीठोक काही सांगणार नाही.

जळगावकर_कोलंबोत

मी इथे कापड कारखान्यात सहा वर्षं आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे.

कोलंबोला लागून श्री जयवर्धनपुरा कोट्टे आहे, तिथल्या संसदेजवळ शांतिसेनेचं स्मारक आहे. श्रीलंका सरकारनेच बांधलंय, २००८ मध्ये. काळ्या दगडावर नावं आहेत, बाराशेच्या आसपास. एप्रिल २०२५ मध्ये पंतप्रधान तिथे आदरांजली वाहून गेले, तेव्हा आमच्या कारखान्यातल्या पोरांनी पहिल्यांदा विचारलं की हे काय आहे. पलालीलाही एक स्मारक आहे, पण ते लष्करी हद्दीत येतं, परवानगी काढावी लागते. जाफन्यात आपलं वाणिज्य दूतावास आहे, आधी त्यांना लिहा.

आजींना एवढं लांब आणणं होणार नसेल तर दिल्ली. इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्धस्मारक, २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालं. त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतरच्या सगळ्या मोहिमांमधली नावं आहेत, उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ होती. ऑपरेशन पवनची त्यातच आली. स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येतं. फक्त इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. आपल्या आडनावांचं सैन्यात काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच.

प्रवास आता सोपा आहे. ज्या पलालीवर फौज उतरली तोच आता जाफना आंतरराष्ट्रीय विमानतळ झालाय, चेन्नईहून विमान येतं. नागपट्टिनमहून कांकेसंतुरैला बोटही सुरू झाली २०२३ मध्ये. कोलंबोहून रेल्वे आहे, मी तिनेच गेलो होतो.

पण माती आणू नका. परदेशातली माती परवान्याशिवाय भारतात आणायला बंदी आहे, पीकरोगांमुळे. केळीवाल्यांना तर मी हे सांगायलाच नको. विमानतळावर पिशवी काढून घेतली तर फार वाईट वाटेल. मी भरून देऊ का म्हणून विचारणार होतो, पण नकोच.

स्पष्टवक्ता

भावना समजतात. पण मुळात दुसऱ्याच्या घरच्या भांडणात आपली पोरं घालायची काय गरज होती? ९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परतली तेव्हा मद्रासला स्वागताला राज्याचे मुख्यमंत्रीसुद्धा गेले नाहीत. मग स्मारकं कशाला?

साक्रीचा_सिग्नलवाला

स्पष्टवक्ते, गरज होती की नव्हती हे मला आजही सांगता येणार नाही. पण इथे कोणी धोरण विचारलेलं नाही. एका आईने पत्ता विचारलाय.

धुळ्याच्या_बाई

मी इतिहास शिकवायचे, आता घरी असते. तापीकाठचे, तुमचं वाचून दोन दिवस झोप नीट नाही.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले, ११० व्या मराठा पलटणीतून. आमच्या घरात त्याला ‘बसऱ्याची लाम’ (लढाई) म्हणत. बाजारातून पोरगं वेळेवर आलं नाही की माझी आजी म्हणायची, “कुठे, बसऱ्याला गेला का?” त्या बोलण्यात एक गेलेला माणूस आहे, हे मला चाळिशीत कळलं.

त्यांची पलटण कुट-अल-अमाऱ्याला वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. उपासमारीने शरणागती झाली, मग कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलं. त्यात ते कुठे बसले आणि उठले नाहीत, कोणास ठाऊक. बसऱ्याचं स्मारक चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं आहे. पण त्यावर नावं कोणाची? गोऱ्या सैनिकांची सगळी. आपल्यातल्या अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायाचं नाव कोरलंच नाही. पलटणीचं नाव, पुढे आकडा. माझे पणजोबा त्या आकड्यातला एक आहेत, शेवटचा की मधला तेही सांगता यायचं नाही. युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून ही चूक मान्य केली. तेही स्मारक मुळात बसऱ्याच्या गोदीजवळ होतं, १९९७ मध्ये इराकी सरकारने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं.

उलट बाजूही सांगते. तुमच्या काकांच्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचंही पार्थिव आलं नाही, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. जवळजवळ ऐंशी वर्षांनी, परक्या गावाने.

आजींना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे पणजोबांची घागर नाही, आकडा आहे. घागर कोणाच्या नावाने भरायची हे तरी तुमच्याकडे ठरलेलं आहे.

साक्रीचा_सिग्नलवाला

तापीकाठचे, रात्री एक गोष्ट डोक्यात आली. ट्रंकेत बुटांचे दोन जोड आले म्हणता. जाफन्याची माती लाल, गेरूसारखी. पावसात चिकटायची, वाळली की बुटाच्या तळव्याच्या खाचांतून सुटायची नाही. आम्ही काडीने कोरून काढायचो, तरी राहायची. माझ्या जुन्या पट्ट्याच्या बकलात आजही लालसर आहे. ते बूट बघा. तुमच्याकडे काळी माती, वेगळी लगेच ओळखू येईल. धुतले नसतील तर.

तापीकाठचा

उशीर झाला, माफ करा. घड कापणी सुरू होती आणि भाव पडलेला, मन लागत नव्हतं.

सुभेदारसाहेब, तुमचा निरोप वाचला आणि तसाच उठून माळ्यावर चढलो. ट्रंक आहे, मच्छरदाणी आहे, बूट नाहीत. बाबांना विचारलं. बाबा आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ते मी घातले.” आजोबांनी एक जोड त्यांना दिला होता, नवे बूट घ्यायला पैसे नव्हते. दोन वर्षं बाबांनी ते घालून केळीला पाणी दिलं. तळवे सुटले तेव्हा बांधावर टाकून दिले. दुसरा जोड सालदाराला गेला. माती होती का? बाबा म्हणाले, होती. लाल होती. पहिल्याच दिवशी पाटाच्या पाण्यात धुऊन गेली.

हे आजीला सांगावं की नको, यावर घरात चार दिवस खल चालला. बायको म्हणाली, सांगू नका, बाबांवर जाईल. शेवटी बाबांनीच सांगितलं, तिच्या खाटेजवळ उकिडवे बसून, शाळेत चूक कबूल करावी तसं. आजी ऐकत राहिली. मग विचारलं, कुठल्या वावरात. बाबांनी सांगितलं, नाल्याकडच्या. ती “बरं” म्हणाली आणि कूस बदलली. आम्हाला वाटलं, झोपली.

थोड्या वेळाने आवाज आला: “लाल माटीमा कपाशी येस का?”

मला उत्तर माहीत नव्हतं. सुभेदारसाहेब, तुम्हाला माहीत आहे का? ती रोज विचारतेय.

बाकी घडलेलं. बेळगावचं उत्तर आलं, नुसतं ‘ऑपरेशन पवन’, जागा नाही. दिल्लीच्या यादीत नाव सापडलं, आडनावातला ‘ा’ गळालाय. नंबर बरोबर आहे. मी त्याचा फोटो मोठा करून छापून आणला. आजीला वाचता येत नाही, तिने नावावरून बोट फिरवलं आणि आपल्या मगाशेजारी भिंतीला लावून ठेवला. आता त्यावर पिठाचे डाग आहेत.

साक्रीचा_सिग्नलवाला

आजीले सांगा, कपाशी मी पाहिली नाही. कांदा होतो, लहान आणि लाल. मिरची होते, तंबाखू होतो. आणि केळी.

तापीकाठचा

सांगितलं. “तंबाखू बी व्हस?” एवढंच म्हणाली, आणि मिसरीची डबी जवळ ओढली.

काल कुंभार आला होता. आजीने खाटेवरून पाच बोटं दाखवली. त्याने पाच घागरी उतरवल्या, टिचकी मारून एक बदलून घेतली. मी पैसे दिले. विचारलं काही नाही.

बूट विषय निघाल्यापासून बाबा रोज एकदा नाल्याकडच्या वावरात जाऊन येतात. तिथे यंदा केळी नाही, हरभरा काढून रान मोकळं पडलंय.

कोलंबोकर, तुमच्यासाठी एक प्रश्न राहिला. पावसाळ्यानंतर आजीला दिल्लीला न्यायचं चाललंय. त्या स्मारकात भिंतीपर्यंत चाकाची खुर्ची जाते का, आणि तिला नावावर हात लावू देतात का?